रविवारच्या गाडीचं न वापरलेलं तिकीट

मी, कुमारी ग्वेन्लियन प्रॉबर्ट, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार ३, चॅपेल रो, क्वमहेलिग, वेल्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तरीही गावात कोणाला शंका आली, तर त्याने आधी स्वतःचा दाखला आणावा. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. अंमलबजावणी वकील श्री. व्हॉन यांनी करावी.

१. राहते घर, आतल्या सामानासह, माझी भाची ऑलवेन हिला द्यावे. तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही, म्हणूनच.

२. शिवणयंत्र शेजारच्या नेस्टाला द्यायचं होतं. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असं श्री. व्हॉन म्हणाले. म्हणून ते गेल्याच आठवड्यात तिच्या घरी पोचवलं. आता तिने साक्ष द्यायला हरकत नाही.

३. फुटबॉलच्या मैदानाच्या उत्तरेकडच्या गोलपोस्टमागचं कुरण माझ्या नावावर आहे. तिथे कपडे बदलायच्या खोल्या बांधल्या नाहीत, तर आमच्या क्लबला, क्वमहेलिग टाउनला, इंग्लंडच्या खालच्या लीगमधूनही काढतील, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. वरच्या लीगमधून कसं काढलं, ते मात्र कोणालाच ठाऊक नाही. म्हणजे आपलं चुकीचं ठाऊक आहे.

माझे वडील एलिएझर प्रॉबर्ट क्लबचे सेक्रेटरी होते. १९३१ साली आम्ही लीगच्या तळाला आलो. तळाच्या क्लबांना ठेवायचं की नव्यांना घ्यायचं, ते लंडनच्या सभेत बाकीचे क्लब मतांनी ठरवत. सभा सोमवारी, एक जूनला सकाळी दहाला होती. शनिवारी खाणीच्या कचेरीतून बाबा सुटेपर्यंत शेवटची गाडी गेलेली असे, म्हणून त्यांनी रविवारचं तिकीट काढलं होतं. आमची जागा मागणाऱ्या ब्रॅकर्बी रोव्हर्सचे लोक शुक्रवारीच हॉटेलात उतरून एकेकाला जेवायला घालत होते.

रविवारी सकाळी प्रार्थना संपल्यावर चॅपेलच्या पंचमंडळींनी बाबांना मागच्या खोलीत बोलावलं. सात जण होते. तेच क्लबच्या कमिटीवर. प्रभूच्या दिवशी फुटबॉलसाठी प्रवास करायचा नाही, असं त्यांनी बजावलं. बाबा म्हणाले, "मग तसं लिहून द्या." त्यांनी सातही सह्या करून दिलं. बाबा सोमवारच्या पहिल्या गाडीने गेले. ते पोचले तेव्हा मतं मोजून झाली होती. आम्हाला एकोणीस, ब्रॅकर्बीला बावीस.

त्यानंतर खाटकाच्या दुकानात "काय प्रॉबर्ट, आज कुठली गाडी चुकली?" हे रोजचं झालं. सेक्रेटरी झोपून राहिला, असं त्या सातांपैकीच कोणीतरी उठवलं, आणि उरलेले सहा मूग गिळून बसले. मी कागद दाखवायला निघाले, तर बाबांनी हात धरला. "त्यांच्या तोंडून यायला हवं, ग्वेन. ते सांगतील." मरेपर्यंत, एकोणीस वर्षं, त्यांनी वाट पाहिली. मैदानावर पाऊल ठेवलं नाही. शनिवारी परसात उभे राहून नुसत्या ओरडण्यावरून गोल आपला की त्यांचा ते ओळखत. चुकले नाहीत कधी. मी त्या सातांना माफ केलेलं नाही. खरं सांगायचं तर बाबांनाही नाही.

४. सबब, सदर कुरण क्लबला पुढील अटीवर द्यावे. घरच्या सामन्याआधी, भर मैदानात, अध्यक्ष हेडन ट्रिहार्न याने तो कागद सातही सह्यांसकट मोठ्याने वाचावा. पहिली सही त्याच्या आजोबांची, जोसाया ट्रिहार्न यांची आहे. मैदानाचं ट्रिहार्न गेट ज्यांच्या नावाचं, तेच. कागदात शेवटी लिहिलं आहे : "जे होईल त्याची जबाबदारी आमची." हे वाक्य दोनदा वाचावे.

हेडन मार्चमध्ये मनुकांचा पाव घेऊन कुरण मागायला आला होता. मी कागद पुढे केला. त्याचा चेहरा पडला.

"मिस, जुनी मढी कशाला उकरायची?"

"मग गेटवर कोणाला टांगून ठेवलंय रे?"

"ते... तो मान आहे, मिस."

"मान तुमच्या घरी, माती आमच्या घरी. वर्गात वाचताना अडखळायचास. सराव कर."

पाव तसाच ठेवून गेला. चांगला होता.

५. वर्षाच्या आत वाचन न झाल्यास कुरण ब्रॅकर्बी रोव्हर्सला द्यावे. आमची जागा त्यांनी घेतलीच आहे, गवतही घ्यावं. तिथे त्यांनी मेंढ्या चारल्या तरी माझी हरकत नाही.

६. बाबांचं न वापरलेलं तिकीट बायबलमध्ये आहे. ते माझ्या हातात ठेवून शवपेटी बंद करावी.

साक्षीदार : श्रीमती नेस्टा ग्रिफिथ्स, परिचारिका, आणि श्री. ब्रिनमोर हॉपकिन, निवृत्त पोस्टमन. दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. कायद्याने गरज नसताना मी त्यांना आधी हे मृत्युपत्र आणि तो कागद दोन्ही वाचायला लावलं, कारण या गावात लोक सह्या फार लवकर करतात. ब्रिनमोर सहाव्या सहीपाशी थांबला. ती त्याच्या वडिलांची होती.

मग म्हणाला, "ग्वेन, हे उद्या करूया का? आज रविवार आहे गं."

"म्हणूनच आज बोलावलं."

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सही केली.

ग्वेन्लियन प्रॉबर्ट
साक्षीदार : १. नेस्टा ग्रिफिथ्स  २. ब्रिनमोर हॉपकिन
स्थळ : क्वमहेलिग
दिनांक : ३१ मे १९८७, रविवार