मुदतीनंतरचे हात

४ मार्च
आलो एकदाचे! क्वार्टर बंद कारखान्याच्या मागेच आहे, पण खोल्या ऐसपैस, अंगणात विहीर आणि तिचं पाणी साखर घातल्यासारखं गोड. छकुलीने आल्या आल्या दोन पेले रिचवले. चौथीतली पोर, तोऱ्यात विचारते की इथे आधीच का नाही आलो! माझ्या आधीच्या साहेबांनी चार्ज दिला. भर उन्हात हातमोजे, आणि दाराचं कुलूपसुद्धा बायकोने उघडायचं. साहेबी थाट, दुसरं काय.

६ मार्च
काम सोपं आहे. कारखान्याची टाकी फुटली, विषारी पाणी पसरलं, सरकारने भरपाई जाहीर केली. टाकी फुटल्यापासून दोन वर्षांत अर्ज करायचा होता. ती मुदत जानेवारीत संपली. उशिरा आलेले अर्ज निकाली काढायचे आणि मेअखेर दप्तर बंद करायचं. उशीर माफ करायचा अधिकार माझ्याकडे आहे. पण लोकांना बोट दिलं की मनगट धरतात. सही नमुन्याशी जुळली नाही तर कागद परत, हा नियमही मुख्य कार्यालयाकडून मीच मंजूर करून आणला.

१९ मार्च
आज एक म्हातारे शिंपी आले. बोटं पांढरी, सुरकुतलेली, दिवसभर धुणं धुतल्यासारखी. शिपायाने दिलेला कढत चहा हातावर सांडला तरी ते बोलतच राहिले. कातडी लाल झाली, त्यांना पत्ता नाही. मी पुसायला कपडा पुढे केला. मग उशिराचं कारण विचारलं.

"बाई, तेव्हा हाताला काही झालंच नव्हतं. मग अर्ज कशाचा करू?"

प्रश्न रास्त होता. पण मुदत म्हणजे मुदत. शिवाय सही वेडीवाकडी. नामंजूर केला.

११ एप्रिल
रोज तसलेच हात खिडकीत येतात. कोणी भांडत नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं. आज एक बाई माझ्या बोटांकडे बघत राहिली. मी हात टेबलाखाली घेतले. का घेतले, कळत नाही.

२ मे
स्वयंपाकघरात जळका वास. दूध उतू गेलं म्हणून बघायला गेले, पातेलं उतरवलं, तरी वास जाईना. पातेलं मी नुसत्या हातांनी धरलं होतं. वास माझाच होता.
दुखलं नाही. अजिबात दुखलं नाही.

३ मे
हातमोजे. कुलूप. आणि टाकी आमच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर —
छकुलीचं ते पाणी आजपासून बंद. दोन महिने पीत होती पोर.

९ मे
सगळ्यांचा उशीर माफ केला. मुदत हात बधिर झाल्या दिवसापासून मोजा, असा आदेश लिहिला. सही करताना पेन तीनदा पडलं.

१६ मे
मुख्य कार्यालयातून आदेश परत आला. सही नमुन्याशी जुळत नाही. माझाच नियम. पुन्हा केली. पुन्हा — जुळत नाही —

२४ मे
पेन बोटांत राहत नाही. छकुली म्हणते, तू सांग, मी लिहिते. तिला काही झालेलं नाही. तिला काही —

२५ मे
हे मी लिहिते आहे, छकुली. आई सांगते तसं. उशीर लोकांचा नव्हता, असं लिही म्हणते. मी एका हाताने लिहिते, दुसऱ्यात आईचा दुधाचा पेला आहे. दूध मीच उकळलं, आत्ताच ओतलं. आई एकदम ओरडली, सोड तो पेला, भाजेल. पण पेला तर गार आहे. आई, बघ ना, गार —