मागे बसलं की उडणारा फ्यूज

ती. स्व. दादांना कृतानेक नमस्कार.

इकडे मी ठीक आहे, मोटरसायकल त्याहून ठीक आहे. तुमचा गुडघा, वहिनींचा रक्तदाब आणि तुमच्याकडे 'चार दिवस विसावा घ्यायला' आलेली तुमची धाकटी बहीण (म्हणजे आमचं कुटुंब) हे सगळं ताळ्यावर असेल अशी आशा करतो. चार दिवसांचे अकरा झाले. मी मोजत बसलेलो नाही. कॅलेंडर समोरच टांगलंय, दिसतं. तिनं तिची बाजू सांगितलीच असेल. माझी बाजू तांत्रिक आहे, म्हणून लेखी देतो.

तुम्ही जाणताच, गेल्या बावीस वर्षांत माझ्या गाडीला परक्या माणसाचा पाना लागलेला नाही. मी कुठं शिकायला गेलो नाही. गाडीबरोबर आलेली पुस्तिका, घरी बनवलेला चाचणी-दिवा (इंडिकेटरचा जुना बल्ब, त्याला दोन वायरी, बास) आणि स्वतःचं डोकं, एवढ्यावर सगळं शिकलो. शिवाय वही. गाडीची प्रत्येक तक्रार मी तारीखवार लिहितो आणि ती दोनपैकी एका रकान्यात टाकतो: 'विद्युत' किंवा 'विद्युतेतर'. लोक ही गल्लत करतात, म्हणून त्यांच्या गाड्या ढकलाव्या लागतात.

तर दीड महिन्यापूर्वी भर चौकात गाडी बंद पडली. हॉर्न नाही, दिवा नाही, इंजिन मुकं. बघतो तर फ्यूज उडालेला. नवा घातला, गाडी सुरू झाली, ही मागे बसली, दहा पावलांवर पुन्हा उडाला. शेवटी हिला बसनं पाठवलं आणि मी एकटा आलो, तर गाडी एका दमात घरी! घरी स्टँडवर लावली की ती पाहुण्यांसमोरच्या पोरासारखी शहाणी. मग मी रीतसर तपासाला लागलो. बॅटरीची टोकं इतकी घासली की त्यांत बघून दाढी करावी. हँडलचा स्विच उघडला, त्यातली स्प्रिंग आणि छर्रा उडाले. (स्प्रिंग लगेच सापडली. छर्रा तीन दिवसांनी हिच्या चपलेत, हिच्याच टाचेला सापडला.) पुढच्या दिव्यातल्या चौदा वायरी सोडवून प्रत्येकीला सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली आणि जेवायला उठलो. पंखा चालू राहिला होता. पुढे दोन दिवस उजवा इंडिकेटर दाबला की हॉर्न वाजत होता, पण ती वेगळी तक्रार, तिची वेगळी नोंद आहे.

अखेर कोपऱ्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. दुरुस्तीला नव्हे, चर्चेला. तो हात पुसत म्हणाला, "काका, एकटे बसता तेव्हा जात नाही, दोघं बसलात की जातो. वजनाचा घोळ आहे." सकाळपासून माझंही हेच मत होतं. आता खात्री करायची तर हिला पुन्हा पुन्हा बसव-उठव करणं बरं नव्हे (हा माझा समजूतदारपणा कुणी लक्षातच घेत नाही), म्हणून तेवढ्याच वजनाचे पाण्याचे कॅन बांधायचं ठरवलं. वजन डोळ्यांनीच मोजलं आणि वहीत लिहिलं: 'मागचा भार: बहात्तर किलो (अंदाजे). दोषाचं संभाव्य कारण: सौ.' 'संभाव्य'खाली रेघ मारली होती. टेबल पुसताना वही तिच्या हाती लागली.

"बहात्तर? मी चौसष्ट आहे! आणि दोष मी?"

मी शांतपणे सांगितलं की अंदाजे लिहिलेलं आहे आणि असल्या कामात आठ किलोंची सूट सुरक्षेसाठी धरतातच. दुपारच्या बसनं ती तुमच्याकडे आली. जाताना दारातून म्हणाली, "आता बसवा मागे तुमचे कॅन!"

मी बसवले. अठरा लिटरचे चार, दोरीनं आवळून. शेजारचे कंपाउंडर गॅलरीतून ओरडले, "काय हो, आज यांना फिरवताय?" मी लक्ष दिलं नाही. पहिल्याच खड्ड्यात फ्यूज उडाला! सीट काढली, आरसा आणि टॉर्च घेऊन आत पाहिलं. भार पडला की सीट दबायची आणि खालची वायर एका बोल्टच्या टोकावर टेकायची. तिचं आवरण सोलून निघालं होतं. टेप लावली, वायर दुसरीकडून नेली. आज आठ दिवस फ्यूज शाबूत आहे. थोडक्यात, माझी पद्धत बरोबर ठरली. तिला हवं तितकं राहू दे. माझी काही गैरसोय नाही.

तुमचा आज्ञाधारक
मेहुणा

ता. क. तो बोल्ट हत्यारांच्या पेटीचा. पेटी सीटखाली मीच बसवली होती. बोल्ट एक इंची हवा होता, घरात दीड इंची होता. बोल्ट चांगला होता.

ता. क. दुसरा. काल वही मागे चाळली. पेटी बसवल्यावर तिसऱ्या दिवशीची नोंद क्रमांक सतरा, माझ्याच अक्षरात: 'सीट खालून टोचते. (सौ.)' रकाना: विद्युतेतर. त्यामुळे तपासात ती पाहिलीच नाही. तिनं आणखी दोनदा सांगितलं होतं, त्याही नोंदी तारखेसह आहेत. 'कारण: सौ.' हे लाल शाईनं खोडून तिथं माझं नाव घातलंय, खाली सही केलीय. पान सोबत जोडलंय. तिला एवढंच दाखवा. वरचं सगळं नाही वाचलं तरी चालेल.

ता. क. तिसरा. वहीत 'अंतिम चाचणी'चा रकाना अजून कोरा आहे. कॅनवर झालेली चाचणी मी धरत नाही. ते वळणावर 'हळू' म्हणत नाहीत. रविवारी दहा वाजता गाडी घेऊन तुमच्या फाटकाशी उभा राहीन; बोलावल्याशिवाय वर येणार नाही. तुम्ही सहज म्हणून विषय काढावा. भार चौसष्ट लिहिलाय. 'अंदाजे' काढून टाकलंय.