तुमची चाल, माझ्या हातून

बाबा, मी तुमची चाल कम्प्युटरमध्ये भरते आहे आणि मला फार भीती वाटते आहे. साठीला आलेल्या बाईने असं म्हणावं का, तर म्हणावं. तुमच्या गायन पार्टीतले शेवटचे ढोलकीवाले काका गेल्या हिवाळ्यात गेले. जयंतीच्या मिरवणुकीत पेटी गळ्यात अडकवून तुम्ही जी चाल वाजवायचात, ती आता फक्त माझ्या कानात उरली आहे. कुणी कधी टेप केली नाही. नालवाडीच्या विहारातल्या बाया म्हणाल्या, "ताई, तुम्ही वाजवून द्या, आम्ही पोरायले शिकवतो." मी हो म्हणून बसले. आता मी चुकले तर ती चूकच तुमची चाल होणार, आणि चुकलीस म्हणून सांगणारं कुणी नाही.

तुमच्या पेटीचा भाता उंदरांनी केव्हाच खाल्ला. म्हणून वायरने लॅपटॉपला जोडायचा, पेटीसारख्या पट्ट्यांचा कीबोर्ड मागवला. जोडला, दिवा लागला, 'सा' दाबला. आवाज नाही. जोरात दाबला, तरी नाही. मी हात पदराला पुसला, जणू मीच काहीतरी मोडलं होतं. डावा हात मात्र आपला मागे भाता शोधत होता. ह्यांची सगळी नोकरी पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत गेली. ते दारातून म्हणाले, "काऊन एवढी भिऊन राह्यली? मी बारूदच्या शेजारी बसून डबा खाल्ला, अन् तुले पट्ट्यायची भीती!" मग चष्मा लावून त्यांनीच सोबतचा कागद वाचला. या पट्ट्यांत आवाज नसतोच. कोणती पट्टी, किती जोराने, किती वेळ, एवढंच त्या कळवतात. आवाज कम्प्युटरमधल्या प्रोग्राममध्ये निवडायचा. हार्मोनियम निवडली. वाजली, पण बोटाच्या मागून, जरा उशिराने. मी सुराची वाट बघत थांबायचे आणि लय कोलमडायची. दोन दुपारी गेल्यावर सेटिंगमधला एक आकडा कमी केला, तेव्हा कुठे सूर बोटाखाली आला.

तरी पट्टीवर बोट ठेवलं की तोच दिवस आठवायचा. मी नऊ वर्षांची आहे, तुम्ही गिरणीत गेला आहात, आई विहिरीवर. मी पेटी उघडते आणि एकही पट्टी न दाबता भाता जोरात ओढते. कापड उसवल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी मिरवणूक होती. तुम्ही मारलं नाहीत. चुलीजवळ बसून कणकेची खळ केलीत, कापडाची पट्टी चिकटवलीत आणि मान वर न करता म्हणालात, "पट्टी दाबल्याशिवाय भाता ओढला ना? हवा जाईन कुठं? आता हात लावू नोको पेटीले." बस्स. पुढे बरीच वर्षं जगलात, पण "आता लाव" असं कधी म्हणाला नाहीत. मीही हट्टी, विचारलं नाही. तुम्ही बाहेर वाजवायचात आणि मी आत भाकरी थापत ऐकायचे. माझी शिकवणी ती तेवढीच, आणि अशा बाईने तुमचं नाव लावून वाजवायचं!

रेकॉर्डिंगचा लाल गोल दाबला की प्रोग्राम प्रत्येक पट्टीची रेघ काढतो. किती उशीर, किती जोर, काही लपत नाही. सगळं तालात सरळ करायचं एक बटणही आहे. ते दाबलं आणि ओळीच्या शेवटी तुम्ही जे रेंगाळायचात ते साफ गेलं. घाईघाईने परत फिरवलं. सातव्या खेपेला धृपद आलं, अगदी तुमचं. मी एकटीच रडले. मग अंतऱ्याशी आले.

काल बाया ऐकायला आल्या. त्यांतल्या कुणीच तुम्हाला ऐकलेलं नाही. अंतरा संपल्यावर एकीने डोळे पुसले आणि म्हणाली, "ताई, तुमच्या बाबायचा हात काय असन हो!" मी मान हलवली. हे पत्र मी ह्यांनाही दाखवणार नाही. बाबा, अंतऱ्याची पहिली ओळ तुमची आहे. पुढचं काही केल्या आठवेना, म्हणून बाकीच्या तीन मी माझ्या मनाने वाजवल्या. पोरं सकाळपासून त्या पाठ करताहेत.