शालीतली रेघ

आई, तुला जाऊन अठरा वर्षं झाली आणि काल मी पुन्हा रफू करायला बसले. मुलीच्या कुर्त्याला खिळ्याने भोक पाडलं होतं. ती म्हणाली, टाकून दे ना, तर मी उगाच हट्टाला पेटले. सेहेचाळिसाव्या वर्षी नवशिकी! चार धाग्यांतच कापड गोळा झालं आणि कानात तुझा आवाज आला: "ह्येका रफू म्हणतत? कापडाक फोड इलो हा." मेलीस तरी तुझी जीभ काही मेली नाही.

मुलुंडच्या चाळीत तू दाराशी, उजेडात, नाक्यावरच्या लॉन्ड्रीवाल्याने दिलेली रफूची कामं घेऊन बसायचीस आणि मला उशीच्या जुन्या अभ्र्यांवर हात बसवायला लावायचीस. धागा त्याच कापडाचा, आतल्या दुमडीतून काढायचा. उभे भरून झाले की आडवे, एक खालून, एक वरून. ओढायचं नाही. मी ओढायचेच, आणि तू ते शेजारणींना हसत दाखवायचीस. शाळेच्या स्कर्टवर मी केलेला तसलाच एक गोळा तू उसवू दिला नाहीस. "घाल तसोच. बघांदे लोकांका, कोणाचो हात तो." वर्षभर मी दप्तर मागे धरून चालले. शेजारणी मला समजावायच्या, आई फणसासारखी असते गं, आतून गोड. मला तरी कधी गरा मिळाला नाही.

नववीत होते तेव्हा एक लोकरीची शाल आली, उदबत्तीने जळलेली. भोक बोटाएवढं. तू बाजारात जाताना सांगून गेलीस, दुमडीतून दोन धागे काढून ठेव. मी शालीच्या मधोमध सुई घातली आणि एक धागा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ ओढून काढला. पलीकडचं दिसेल अशी रेघ पडली.

तू आलीस, शाल उजेडात धरलीस. मी मार खायला तयार उभी होते. तू मला घेऊन लॉन्ड्रीवाल्याकडे गेलीस. तो ओरडायला लागला तेव्हा म्हणालीस, "माझ्याच हातून झालं, भाऊ. डोळे गेले आता माझे." तुझे डोळे घारीसारखे होते, शेवटपर्यंत. त्याने पुन्हा काम दिलं नाही, दुसऱ्या कुणीही दिलं नाही. परत येताना जिन्यात तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास. "जांवदे. नवो हात आसा तुझो. चुकता."

मग तू दाराशी नुसतीच बसायला लागलीस. हात काय करायचे ते तुला कळेना, पदराची टोकं चाळवत राहायचीस. ते बघून मला दोन घास जास्त जायचे. हे लिहिताना लाज वाटायला हवी, पण वाटत नाहीये.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. दुमड कुठे होती ते मला पक्कं माहीत होतं, आई. मी चुकले नव्हते. तू होतीस तोवर चौदा वर्षं हे सांगता आलं असतं. सांगितलं नाही, कारण जिन्यातलं ते बोलणं तू परत घेतलं असतंस.