सुलभामावशीचा डबा आणि कोचबाईंचे मौन

बॉथेल, वॉशिंग्टन

तीर्थस्वरूप सुलभामावशीच्या चरणी परीक्षितचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे नागपूरच्या थंडीला पुरून उरले असतील असे गृहीत धरतो (फोनवर तू खरे सांगत नाहीस). आम्ही तिघे ठीक.

“माझा पितळी डबा कुठाय?” या तुझ्या प्रश्नाला रेणूने फोनवर “आहे, आहे” असे अत्यंत असमाधानकारक उत्तर दिले, म्हणून वस्तुस्थिती क्रमाने मांडतो. पहिली: आन्या येत्या ऑगस्टमध्ये घर सोडून देशाच्या दुसऱ्या टोकाच्या विद्यापीठात जात आहे, तिथल्या जलतरण संघात. दुसरी: ती रांगू लागण्यापूर्वी डबा इथे ठेवून तू परत गेलीस, त्यानंतर या घरी आलेली नाहीस. तिसरी: तुझा डबा सुरक्षित आहे, परंतु मध्यंतरी तो त्या विद्यापीठाला जाऊन आला.

तिसऱ्या मुद्द्याला स्पष्टीकरणाची गरज आहे. आन्या दहावीत असताना एका स्पर्धेला त्या संघाच्या कोच, मेरिडिथबाई, मुली हेरायला आल्या होत्या. इतक्या लांबून आलेल्या बाईंना रिकाम्या हाती कसे पाठवायचे, म्हणून रेणूने केलेले बेसनाचे लाडू तुझ्या डब्यातून मी त्यांच्या हाती दिले आणि आन्याच्या उताण्या पोहण्याचा माझा सांख्यिकी आलेख (रंगीत, तळटीपांसह) उलगडू लागलो. बाई “हाय, थँक यू, बाय” एवढेच म्हणाल्या आणि इकडेतिकडे पाहत डब्यासकट जवळजवळ पळाल्या. परतीच्या वाटेवर मी त्यांच्या संस्कारांचे सविस्तर मूल्यमापन केले. मागच्या सीटवरून आन्या ओरडली, “बाबा, शी कान्ट टॉक टू अस! इट्स अ रूल!” सौजन्यावर बंदी घालणारा नियम कोणत्याही सुसंस्कृत देशात असू शकत नाही, असे मी तिला सांगितले.

मग टपालाने डबा परत आला. घासलेला, लखलखीत आणि रिकामा! मावशी, भांडण असलेल्या शेजारणीचे भांडेसुद्धा तू गुळाचा खडा घातल्याशिवाय परत केले नाहीस. मी विद्यापीठाला निषेधपत्र लिहायला बसलो. चौथ्या पानावर रेणू म्हणाली, “अहो, पाठवण्याआधी एकदा नियम तरी वाचा. दुसऱ्यांना सांगत असता ना?”

वाचले. सगळे. (भाषा गचाळ आहे, दुरुस्त्या समासात केल्या आहेत.) दहावीनंतरच्या पंधरा जूनपर्यंत कोचने मुलीशी किंवा पालकांशी निवडीबद्दल चकार शब्द काढायचा नाही, समोर आलेच तर नमस्कार करून पुढे जायचे. आणि मुलीला वा तिच्या घरच्यांना भेटवस्तू द्यायची नाही. म्हणजे चिमूटभर साखरही नाही! बाई असंस्कृत नव्हत्या, व्रतस्थ होत्या. वाचता वाचता मलाच घाम फुटला, कारण खेळाडू हौशी, म्हणजे खेळाबद्दल मोबदला न घेणारा, असावा लागतो आणि गणेशोत्सवात महाराष्ट्र मंडळाने आन्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला होता. मी पात्रता-कार्यालयाला श्रीफळाची लेखी माहिती दिली. “नारळाला हरकत नाही, अभिनंदन,” असे उत्तर आले. (शालीचा उल्लेखच नाही. कामातला हा ढिलेपणा मला खटकला.)

पंधरा जूनला सकाळीच बाईंचा फोन आला. आन्या दार लावून बराच वेळ बोलत होती, आणि मी दाराबाहेर काहीही कारण नसताना उभा होतो. तिचे ते हसणे मी पूर्वी ऐकले नव्हते. बाहेर येऊन म्हणाली, “बाबा, शी वॉन्टेड टू कॉल मी ऑल इयर! अँड द लाडूज? शी एट देम ऑल हरसेल्फ.” गप्प बसलेल्या माणसाविषयी निष्कर्ष काढण्याची घाई मी तेव्हापासून कमी केली आहे.

जिन्याच्या कठड्यावर ती ओले टॉवेल टाकते. त्यावरून मी वर्षानुवर्षे व्याख्याने दिली; हल्ली देत नाही. ऑगस्टनंतर तो कठडा कोरडा राहणार आहे. पाय लांब करून, त्यांवर तिला उताणी निजवून तू न्हाऊ घालायचीस, तेव्हा ती रडत नसे, छताकडे बघत राही. उताणी पोहण्यात ती इतकी सरस का, हे मेरिडिथबाईंना ठाऊक नाही. मला आहे.

तुझा,
परीक्षित

ता. क. डबा टपालाने पाठवणार नाही. रिकामा पाठवणे तुझ्या नियमात बसत नाही. भरावा, तर माझे बेसन करपते (रेणू म्हणते घाई, मी म्हणतो शेगडी), आणि रेणू म्हणते, आता लाडू आन्या निघेल तेव्हाच. डबा प्रत्यक्ष येऊन ताब्यात घ्यावा.

ता. क. २. ‘अधिकृत भेट’ म्हणून खेळाडूला स्वखर्चाने बोलावण्याची मुभा विद्यापीठाला असते. तीच मुभा मी घेतो आहे. तिकीट माझे. अट एकच, आन्या जाण्यापूर्वी.

ता. क. ३. तू फोनवर म्हणशील, “येईन रे, बघू.” आन्या रांगत होती तेव्हापासून हेच म्हणते आहेस. नियमांनुसार तोंडी होकार कोणावरही बंधनकारक नसतो. तरी येण्याची तारीख आणि बेसन किती आणून ठेवायचे, हे तुझ्या सहीनिशी कळवावे. फोन करू नये. उत्तर लेखीच हवे.