काचेच्या पाखराचा साचा

थुरिंगिया, ऑक्टोबर १९३४

प्रिय जूलियस,

मी ॲमस्टरडॅमला तुझ्याकडे कायमचे यावे की नाही, एवढेच तू विचारले आहेस. उत्तराला विलंब माझ्याकडून झाला. आमच्या घरातले काम तुला ठाऊक आहे. बाबा ज्योतीपुढे बसून साच्यात काच फुंकतात, मी त्या पोकळ काचेत रुपेरी पाणी घालून हलवते आणि एर्नावहिनी वरून रंगवते. मधले माणूस उठले, तर नाताळच्या झाडावर टांगण्याजोगे काहीच या घरातून बाहेर पडणार नाही. बाबांचे हात आता थरथरतात, आणि वहिनीने हलवलेल्या काचेवर डाग उरत असत. तुझ्या प्रश्नाची अडचण एवढीच होती.

आमच्या मांडणीवर किती काळ येऊन गेले! कैसर गादीवरून गेला, तेव्हा त्याच्या मुखवट्याचा साचा बाबांनी दार अडवायला लावला. मग अमेरिकेतल्या दुकानांसाठी मोटारी आणि हवाई जहाजे फुंकली. ती दुकाने बुडाल्यावर फक्त पाखरे उरली, कारण ती घेणारे एकटे तुझे वडील होते. पाखरू खिडकीशी धरून ते विचारत, "चांदी कोणाच्या हातची?" आणि तू माझ्याकडे न पाहता हसत असस. ज्यूंना माल घालू नये, असे फर्मान निघाले आणि तुमच्या वखारीवरची पाटी उतरली. ती उतरवणाऱ्यांत माझा भाऊ आर्नो होता, हे तू कधी बोलून दाखवले नाहीस. आता सगळा माल नव्या संघाकडे जातो आणि आर्नो त्या संघाचा चिटणीस आहे; बायकोला, एर्नावहिनीला, इथे ठेवून तो संघाच्या कचेरीतच राहतो.

उन्हाळ्यात संघाने हुकूम काढला की प्रत्येक घराने आपले साचे कोठारात जमा करावेत. संघ सांगेल तोच साचा, संघ देईल तेव्हा वापरावा. रविवारी जेवताना आर्नोने विषय काढला. "बाबा, यंदा पाखरंबिखरं नाहीत. माझ्या दंडावरच्या पट्टीवर आहे ना, ते चिन्ह काचेच्या गोळ्यावर हवंय. मागणी प्रचंड आहे." बाबा म्हणाले, "एर्ना, बटाट्याचा गोळा वाढ अजून एक. हा गोळा तरी मला विचारून केलेला आहे." वहिनी हसली, आर्नोने तिच्याकडे पाहिले, आणि तिने हसणे आवरले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी हातगाडीवर खोके रचले आणि साचे नेऊन दिले. आपल्या गावातले साचे दोन अर्ध्यांचे असतात आणि जोडीवाचून त्यांतला कोणताही कामाचा नाही, हे कोठारावर नेमलेल्या बाहेरगावच्या कारकुनाला कोणी सांगितलेच नव्हते. त्याने तुकडे मोजले आणि पावतीवर शिक्का मारला.

सप्टेंबरात संघालाच परदेशातून पाखरांची मागणी आली. आर्नो तणतणत घरी आला. "बाबा, पाखराच्या पोटाला देवदाराचं फळ कसं जोडलंत? एकाही साच्याची जोडी जुळत नाही!"

"म्हातारा झालो रे. डोळे दगा देतात."

"तुमचे डोळे? काचेचा तडा तुम्ही पाठमोरे ओळखता. उरलेले अर्धे कुठायत?"

"कोठारातच असतील. तुझं कोठार मोठं आहे."

लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून साच्याचे दोन अर्धे जुळवणे हाच आर्नोचा खेळ होता. त्यामुळे बाबांनी हे मुद्दाम केले, हे त्याला कळले नसेल असे मला वाटत नाही. त्याची नजर बटाट्यांच्या तळघराच्या दाराकडे गेली, मग माझ्याकडे आली. "थेक्ला," तो म्हणाला, "हे दार नीट लागत नाही. दुरुस्त करून घे. सगळेच काही माझ्यासारखे विसराळू नसतात." मग टोपी घालून तो निघून गेला. तो पुन्हा केव्हा येईल आणि कोणाला घेऊन येईल, हे सांगता येत नाही.

त्यानंतर बाबा रोज एर्नावहिनीला शेजारी बसवू लागले. काचेची मान कशी धरायची, ऊन पाण्यात काच कशी फिरवायची, हे मला कधी न सांगितलेले सारे ते तिला सांगत. मी विचारले, की मी असताना तिला कशाला शिकवता? ते म्हणाले, "पोरी, तू असताना ती शिकली, तरच तुला तिची चूक दाखवता येईल." आज सकाळी तिने हलवलेल्या काचेवर एकही डाग नव्हता. बाबांनी ती खिडकीशी धरली, आणि मी बाकाजवळ रिकाम्या हातांनी उभी होते.

हे पत्र सोबतच्या पुडक्यासाठी लिहिते आहे. त्यात पाखराच्या एका साच्याचा पाठीकडचा अर्धा आहे; त्या साच्याचे दोन्ही अर्धे बाबांनी तळघरातच ठेवले होते. बाबांनी तो स्वतः बांधला आणि ते म्हणाले, "पाठ त्याला पाठव. पोट तू घेऊन जा." तेव्हा आत्ताच ज्योत पेटवू नकोस, अर्ध्या साच्यात फुंकलेली काच नुसती फुगते आणि फुटते. दुसरा अर्धा माझ्या लोकरी परकरात शिवला आहे. पुढच्या गुरुवारी निघते. स्टेशनवर ये.

इतकी वर्षे दुरून, आता जवळ येणारी, तुझीच
थेक्ला