उतरलेला गंधार

गोंडपिपरी, १२ नोव्हेंबर १९५६

चाळिशीत संगीतात एम. ए. करायला नागपूरला गेलो, त्यानंतर आज पहिल्यांदा गावी आलो. आमच्या दंडारीत, गावच्या नाचगाण्याच्या खेळात, वीस वर्षं माझ्या पेटीवर गाणारे दामाभाऊ अंथरुणाला खिळलेत, छाती भरलीय.

"पेटी काढ ना गड्या, मले गाणं म्हणाचं हाय."

मी सूर दिला. त्यांचा आवाज चढेना. आणि मी, काऊन कोण जाणे, बोलून गेलो, "भाऊ, गंधार उतरला." वीस वर्षांत कधी असं बोललो नव्हतो.

ते थांबले. "शिकून आला तू," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

कशाला पकडला मी तो गंधार?

संध्याकाळी पुन्हा गेलो, बराच वेळ सूर धरून बसलो. दामाभाऊ जागे होते. गायले नाहीत.